बावीस कलमं आणि एक गाडी

जुनी गाडी घ्यायला निघालं की गाडी मिळेलच असं नाही, किस्से मात्र मिळतात. नव्वदच्या सुमारास जळगावच्या आमच्या कॉलेजातून दोघे निघालो होतो: गणिताचा मी आणि रसायनशास्त्राचे पाटील सर. हिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती आणि माहेर पिंपळनेरला. म्हणून मी तपासणीची बावीस कलमं लिहून काढली. गणितात पीएच.डी. असूनही ती बावीस पुरेशी होती का, ही शंका अजून आहे.

*

पहिली गाडी धुळ्याची. रंग नवाकोरा. सोबतच्या नाना मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढून दाराला लावलं. ते खाली पडलं. दुसऱ्या दाराला लावलं, तिथूनही पडलं. गंज खाल्लेल्या जागी नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. नाना मालकाला म्हणाले, "भाऊ, पत्रा वेगळा विकला का?"

*

जामनेरची गाडी एका झटक्यात सुरू झाली. नानांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला. थंड इंजिन सुरू होत नाही हे कळू नये म्हणून मालकाने ते आधीच तापवून ठेवलं होतं. तो म्हणाला, उन्हात उभी होती ना. गाडी गोठ्यात होती!

*

जळगावातली एक गाडी फारच शांत चालली. नानांनी खाली शिरून मागच्या गिअरांच्या डब्यात बोट घातलं. घरघर दबावी म्हणून आत केळी कोंबलेली. पाटील सरांनी वास घेऊन अभिप्राय दिला, "पिकलेली आहेत."

*

पुढे पाटील सरांनी एक गाडी पसंत केली. मीटरवर आकडा कमी, पण ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत. आकडा मागे फिरवला असावा, अशी मला शंका आली. पण मला शंका कशाचीही येते, म्हणून गप्प बसलो. त्यांनी ती घेतली आणि माझी शंका खरी निघाली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये माझा चहा मीच सांगतो.

*

पाचोऱ्याला हीसुद्धा आली होती. गाडीचे मालक, एक शेतकरी आबा, आपणच गाडीतली खोट सांगू लागले: दुसरा गिअर कधी कधी सुटतो, डावी काच उतरत नाही. मी जास्तच घाबरलो. इतकं सांगणारा माणूस लपवत काय असेल? बावीस कलमं तपासली, आबांनी सांगितलं तेवढं सोडून सगळी ठीक. मी चालवून पाहिली, तर फाटकातच तीनदा बंद पडली. कार्बोरेटर असावा, असं मी म्हणालो.

आबा शांतपणे अहिराणीत म्हणाले, "सर, गाडीमा खोट नही. डायवरमा शे."

मागच्या सीटवर ही हसत होती. मी तिला उतरायला सांगितलं. म्हटलं, दोन दिवस विचार करू.

तिने पदर सावरला आणि पाय लांब केले.

"उतरताना गुडघा दुखतो. आता घरीच उतरेन."