शेकरू कुणी पाहिलं

माझ्या सासूबाई तिसगावच्या. सगळा जन्म उघड्या माळावर गेलेला, त्यामुळे झाडांवर त्यांचा विश्वास कमी आणि जावयावर त्याहून कमी. लग्नापासून मी त्यांना आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या शेकरूचं वर्णन ऐकवत आलो होतो. खारीसारखंच, पण मांजराएवढं. तांबूस अंग, हातभर शेपूट, या झाडावरून त्या झाडावर झेप. शेवटी दिवाळीला फराळाच्या ताटावर त्यांनी निकाल दिला.

"जावईबापू, आता दाखवाच. न्हाई दिसलं, तर माझ्यापुढं पुन्हा त्याचं नाव काढायचं न्हाई."

हा तर माझ्या पोटावर पाय. शेकरू वजा केलं, तर माझ्याकडे पाहुण्यांना सांगण्यासारखं उरतं काय?

कार्तिक संपता संपता त्या आमच्याकडे आल्या. एका सकाळी आम्ही दोघंच रानात चढलो. बायको, "तुमचं तुम्ही बघा," म्हणून अंथरुणातच राहिली. धुकं असं, की सासूबाईंची काठी ऐकू येई, सासूबाई दिसत नव्हत्या. मी पुढे, हात पसरून, पाऊल न वाजवता. भाताच्या शेवटच्या खाचरापाशी मी थबकलो. समोरच्या झाडाच्या बेचक्यात काहीतरी भलंमोठं, पिवळसर, दबा धरून बसलं होतं.

"हलू नका," मी कुजबुजलो. "बिबट्या."

सासूबाई हलल्या. सरळ झाडाखाली गेल्या, काठीनं ढोसलं आणि मूठभर पेंढा ओढून माझ्या हातात दिला.

"घ्या. तुमच्या बिबट्याच्या मिशा."

भात झोडून झालं, की गुरांनी आधीच फस्त करू नये म्हणून आमच्याकडे पेंढा झाडावर रचतात. लहानपणी मी स्वतः रचलाय. सासूबाई अशा हसल्या, की मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. तेवढ्यात डोक्यावर खडखड आवाज झाला आणि फांदीवरचं सगळं दहिवर अंगावर पडलं. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत वर नुसती पानं हलत होती. सासूबाई मात्र मान वर करून, तोंडाला पदर लावून उभ्या.

"दिसलं?"

"व्हय." मग काठीनं हवेत माप दाखवत, "हातभर कुटलं, दोन हात शेपूट हाय. येवढी वर्सं तुमी कमीच सांगत व्हता."

परवा घरी पाहुणे आले. मी घसा साफ करून, हात पसरून सुरुवात केली, तर सासूबाईंनी अडवलं.

"तुमी गप बसा. तुमी कुटं बघितलंय?"

मी चहा ठेवायला गेलो. कप घेऊन बाहेर येईपर्यंत शेपूट तीन हातांचं झालं होतं. मी पाहुण्यांच्या मागे बसलो आणि मन लावून ऐकू लागलो.