पुसदचे विलायती कायदेपंडित

विलायतेचा कारभार हाकायला लायक असा एकच माणूस अख्ख्या पुसदात होता, आणि तो म्हणजे आपण स्वतः, असं माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. मामाजी म्हणायचो आम्ही त्यांना. यवतमाळपलीकडचं जग त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेला त्यांचा एकुलता मुलगा कामाच्या परवान्यावर विलायतेला गेला, नि मामाजी एका रात्रीत कायदेपंडित झाले. रोज संध्याकाळी हॉटेलात दुसऱ्याच्या पैशाचा चहा पीत ते परवान्याची पद्धत सुधारायला बसत. कारागिराकडे कागद मागणारा साहेब गाढव आहे, त्याला आधी आमच्या जिनिंगमध्ये उभा करा, हे त्यांचं पहिलं कलम. दुसरं त्याहून थोर. "ज्याच्या हातात कसब हाय त्याले गाव कायले पुसता? पाच हंगाम राबला का मानूस तिथलाच."

ऐकणारे माना डोलावत. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होई. बायको वारल्यावर मामाजींचं घर माझ्या बहिणीनेच सांभाळलं होतं, पाचाहून कितीतरी जास्त हंगाम. तरी त्यांच्या तोंडी ती अजून माहेरच्या गावावरून 'ढाणकीची'च होती. वरण पातळ झालं, ढाणकीची रीत. म्हैस आटली, ढाणकीचा पायगुण.

पुढे मुलाने बायकोला बोलावून घेतलं. पासपोर्टच्या चौकशीला शिपाई घरी आला, बाई कुठली राहणारी म्हणून त्याने विचारलं, आणि मामाजी सवयीने बोलून गेले, ढाणकीची. चौकशी ढाणकीला गेली. तिथे लोकांनी सांगितलं, ती तर पुसदला नांदते. कागद अडकला. नवऱ्याचं तोंड पाहून वर्षं लोटलेली माझी बहीण चुलीपुढे बसून रडली.

त्या दिवशी मामाजी हॉटेलात गेले नाहीत. टोपी चढवली नि मला घेऊन ठाण्यात गेले. जमादाराने तोच प्रश्न विचारला. विलायतेला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने टोपी काढून हातात धरली.

"इथचीच हाय, साहेब," शेवटी ते म्हणाले. "माह्या घरची. तिच्यावरच माहं घर चालते."

माझा राग कुठे गेला कोण जाणे.

कागद सुटला. इतक्या वर्षांनी तिला घरची म्हटलं, तेही तिला घरातून जाता यावं म्हणून. एसटी सुटली तरी मामाजी स्टँडवरच्या बाकावरून उठेनात. घरी चला, मी म्हणालो.

"घरी कायले जाऊ आता?"

मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.