भाऊजींची इंजिनियरकी

माझं लग्न ठरवायला वडील पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांना न विचारताच सांगितलं, "इंजिनियरांकडे ना? दुसरा मजला, डावीकडे." वडील हरखले. वर येऊन बघतात तर दारात मोठे भाऊजी, म्हणजे माझ्या ह्यांचे थोरले भाऊ, कोपरापर्यंत काळे हात घेऊन उभे. वडिलांनी नमस्कारासाठी हात जोडले ते जरा लांबूनच.

भाऊजी सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत. भट्टी पेटवायची, पाण्याची पातळी बघायची, वाफेचा काटा तांबड्या रेघेपुढे जाऊ द्यायचा नाही. तिथे बॉयलरवाल्याला सगळे इंजिनियरच म्हणत. कारखान्यातून ते गल्लीत आलं, गल्लीतून घरात. सासूबाईसुद्धा हाक मारायच्या, "अरे इंजिनियर, ताट वाढलंय, गार होतंय."

बॉयलरच्या तळाशी गाळ बसतो. म्हणून रोज सकाळी पहिलं काम, तळाचा व्हॉल्व्ह उघडून गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि पंपवाल्याला हाक द्यायची, "पंप!" की तो ताजं पाणी भरतो. निवृत्त झाले तरी भाऊजींच्या अंगातून हे काही गेलं नाही. चहाच्या किटलीची पहिली धार मोरीत. तेलाच्या डब्याला खाली तोटी बसवली आणि रोज थोडं तेल सोडून द्यायला लागले, तेव्हा जाऊबाईंनी डबा कुलपात ठेवला. म्हणाल्या, "नशीब माझं, मला तळाशी व्हॉल्व्ह नाही."

तर अशा या माणसाच्या इंजिनियरकीवर गेल्या आठवड्यात संकट आलं. इमारतीच्या जिन्याखाली नवी पाटी लागायची होती. प्रत्येक घराचं नाव आणि त्यापुढे धंदा. पेंटर रविवारी येणार होता. इमारतीचे चिटणीस म्हणजे तळमजल्यावरचे मास्तर. पन्नास मुलांना एका नजरेत गप्प करणारे गृहस्थ, निवृत्तीनंतर आम्हीच उरलो त्यांना. त्यांनी कच्चा मजकूर भिंतीला चिकटवला. भाऊजींपुढे लिहिलं होतं, "बॉयलर कामगार (निवृत्त)."

भाऊजींनी वाचलं. वर येऊन खुर्चीत बसले आणि किटलीची पहिली धारही न सोडता चहा प्यायले. तेव्हाच आम्ही दोघी जावा समजलो, प्रकरण गंभीर आहे.

संध्याकाळी जिन्यातच बैठक भरली. मास्तर जाडजूड शब्दकोश काखेत मारून आले.

"माझं वैर नाही," ते म्हणाले. "पण शब्दाला काही अर्थ असतो. समोर हे पूलवाले साहेब राहतात, पदवीधर. त्यांना काय वाटेल?"

पूलवाले साहेब चपला शोधत होते. "मला काय वाटायचंय? मी किती तरी वर्षांत पूल नाही बांधला, नुसत्या बैठकाच करतोय. लिहा की काय लिहायचं ते."

"तुम्ही थांबा हो. मी पुस्तकातून सांगतो." मास्तरांनी चष्मा चढवला. "इंजिनियर. फार जुन्या काळी हा शब्द लढाईतला. किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकायची अवजड यंत्रं बनवणारा, तो इंजिनियर."

"आमच्याकडे धोंडे मीच फेकते," जाऊबाई म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे जहाजाची यंत्रं सांभाळणारा. काही देशांत आगगाडी हाकणारासुद्धा."

"मग बॉयलर सांभाळणाऱ्याने काय घोडं मारलंय?" आमचे हे भावाच्या बाजूने पुढे सरसावले.

"तो जुना अर्थ झाला! जुनं काढायचं तर आणखी एक आहे. कारस्थान रचणारा. त्यालाही पूर्वी इंजिनियर म्हणत."

जाऊबाईंनी लगेच बोट उचललं. "हा लिहा! हा अगदी फिट्ट बसतो. माझ्या तेलाच्या डब्याला तोटी काय उगाच लागली?"

सगळे हसले, भाऊजी सोडून. मास्तरांनी पान उलटलं आणि जरा खालच्या आवाजात वाचलं, की शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ यंत्र नाहीच, उपजत बुद्धी असा आहे. मला ते फार आवडलं. उपजत म्हणजे देवाने दिलेली. मग पदवीचा कागद विचारणारे आपण कोण? मी पदर सावरून तसं म्हणाले. पण आमचे भाऊजी माझ्यावरच उखडले.

"उपजत नको मला! उपजत काय, कुणाचीही असते. मी भट्टीपुढे भाजून घेतलंय." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "कारखाना पाडला. बॉयलर भंगारात गेला. आई गेली. मला सगळे ज्या नावाने हाक मारतात तेवढं एक राहिलंय. ते तुम्ही खोडताय."

मास्तरांनी कोश मिटला. पण मिटता मिटता म्हणालेच, "भावना समजल्या. नियम तो नियम."

मी देवापुढे दिवा लावताना भाऊजींसाठी एक शब्द मागितला. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला त्रास देताना ओशाळल्यासारखं झालं, पण त्या माणसाचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं, आणि त्यांच्या तोंडून मिठाची तक्रार ऐकल्याशिवाय मला स्वयंपाक झाल्यासारखं वाटत नाही.

रविवार उजाडला. पेंटर जिन्याखाली ब्रश भिजवत बसला. भाऊजींनी ठरवलं होतं, बोलून नाही, करून दाखवायचं. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी गाळ साचलाय, पाणी पिवळं येतं, अशी सगळ्यांचीच कुरकुर होती. ते पाना घेऊन गच्चीवर गेले आणि टाकी धुवायचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. गढूळ पाणी पन्हळीतून धो धो निघालं. मग त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. कठड्यावर वाकून खणखणीत हाक दिली, "पंप!" आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

खाली पंपवाला कुठला असायला! पंपाच्या बटणापाशी पेंटर एकटा, त्याने वर बघितलं आणि पुन्हा ब्रश पिळला. भाऊजींच्या कानावर मात्र पाण्याचा मोठा आवाज येत होता. हाक दिली की पाणी येतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पाणी येतंय असं समजून ते समाधानाने उभे होते आणि पाणी जात होतं.

थोड्या वेळाने आख्ख्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं, तेही नळातून. रविवारी नगरपालिकेचं पाणी येत नाही, खालची टाकी कोरडीच असते, त्यामुळे पंप लावूनही उपयोग नव्हता. पहिली आरोळी पूलवाल्या साहेबांची, "इंजिनियर! अहो, दाढी अर्धी राहिली!" तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई गरजल्या, "इंजिनियर, माझे कपडे साबणात आहेत!" वरून, खालून, खिडक्यांतून, "कुठे गेला तो इंजिनियर!" आणि सगळ्यांत मोठा आवाज तळमजल्यावरच्या न्हाणीघरातून, "इंजिनियर! डोळ्यांत साबण गेलाय हो माझ्या! इंजिनियर!"

आम्ही गच्चीवर धावलो. भाऊजींनी व्हॉल्व्ह बंद केला होता, गुडघ्यापर्यंत भिजले होते, आणि चेहरा असा उजळलेला की मी दारातच थांबले.

"अहो, शिव्या घालताहेत तुम्हाला!" जाऊबाई ओरडल्या.

"हो, पण कुणाला घालताहेत ते ऐक."

खाली उतरलो तर मास्तर टॉवेल गुंडाळून, केसांत वाळलेला फेस घेऊन पाटीपुढे उभे होते. भाऊजींच्या नावापुढे ठळक अक्षरांत "इंजिनियर" लिहून झालं होतं, आणि पेंटर वेलांटीची शेपटी सारखी करत होता.

"हे कुणाला विचारून लिहिलंस?" मास्तरांचा आवाज चढला.

"तुमचा कागद बघून लिहायला खाली पसरला होता, तो पन्हळीच्या पाण्यात वाहून गेला," पेंटर म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर कोण, ते विचारायला उठलोच होतो, तेवढ्यात सगळे एकदमच सांगायला लागले. तुम्ही तर किती वेळा सांगितलंत."

"पूस ते!"

"पुसतो की. रंग ओला आहे तोवर जाईल." पेंटरने मोकळी बादली पुढे केली. "पाणी आणा."

मास्तरांनी बादलीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. मग टॉवेल घट्ट केला, हात पुढे केला आणि म्हणाले, "आधी गच्चीची किल्ली द्या, इंजिनियर."

भाऊजींनी निमूटपणे दिली.