टाकीच्या तळाचं पाणी

पेट्रोल पंपावर डिझेलचा वास आला, की लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरचा तो दुष्काळ आठवतो. वडिलांना लातूरच्या दवाखान्यात न्यायला बोलावलेली गावातली जीप कॅनमधून डिझेल भरून दारापर्यंत आली आणि बंद पडली. चावी फिरवली की इंजिन नुसतं गरगरायचं, सुरू व्हायचं नाही. वडील मागच्या बाकावर निजलेले. ड्रायव्हरनं टाकीखालचा नट सैल केला, तर आधी पाणीच आलं. "कॅनमधी पाणी आणलं व्हतं व्हय कुणी?" तो पुटपुटला. त्या दिवसांत पाणी आणायला न वापरलेला डबा गावात उरला नव्हता. आईनं धारेखाली तांब्या धरला. "वहिनी, पिता न्हाई यायचं हे." "ऱ्हाऊ द्या, पाय धुवायला व्हईल." जीप सुरू झाली. लातूरच्या वाटेवर, औशाच्या अलीकडंच वडील गेले. स्मशानातून परतल्यावर आईनं त्याच तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. पायांना डिझेलचा वास येत राहिला. आजही पंपावर उभा असलो, की आधी पायांकडं बघतो.