द्वारकाबाईंच्या अस्तराचं विमान

सर्जेराव वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि घरातलं बोलणंच बंद झालं. भांडण नाय, रुसवा नाय. माणूस जन्मभर मशिनीच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला. मशीन थांबली तसं त्यांना बोलायला निमित्तच उरलं नाय. कंपनीच्या बसच्या वेळेला उठायचे, बूट घालायचे, ओट्यावर घटकाभर बसायचे आणि बूट काढून ठेवायचे. बायको मुक्ताबाई लोकांचे ब्लाउज शिवता शिवता हे बघायच्या आणि त्यांची टीप वाकडी जायची.

उन्हाळ्यात लेक अभय पुण्याहून आला. त्यानं बापाला मोबाईलवर एक परदेशी विमान दाखवलं. त्याचे पंख मागं झुकलेले नव्हते, पुढं होते. लेकराला उचलून घ्यायला हात पसरावेत तसे.

"अगं बाई! हे उलटं कुणी बसवलं?" मुक्ताबाई म्हणाल्या.

"उलटं नाय, मुद्दाम केलंय," सर्जेराव म्हणाले. "मागं झुकलेल्या पंखावर वारा टोकाकडं सरकतो. ह्याच्यावर विमानाच्या अंगाकडं येतो. विमान हळू झालं तरी टोकाची पकड लवकर सुटत नाय."

मुक्ताबाईंना वाऱ्याचं ओ की ठो कळलं नाय. नवरा एवढं सलग बोलला, हे मात्र कळलं.

मग थर्माकोल आला, बांबूच्या काड्या आल्या, फेविकॉल आलं. सायकलच्या ट्यूबची भलीमोठी गलोल झाली. लेणीच्या डोंगराखालच्या मोकळ्या जागेवर सर्जेराव विमान सोडायला जायला लागले. हळू सोडलं की घारीसारखं तरंगायचं. जोरात सोडलं की पंखाचं टोक वर वळायचं, पीळ पडायचा आणि कटकन तुकडा. गल्लीला आयती करमणूक झाली.

"काय भाऊजी," समोरच्या द्वारकाबाई ओरडायच्या, "तुमच्या विमानानं सदरा उलटा घातलाय व्हय?"

सर्जेरावांनी पंखावर कापड चिकटवून बघितलं. तेही पिळून मोडलं. त्या दिवशी त्यांनी सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. "खेळणं होतं, संपलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बूट घालून ओट्यावर.

विमान मोडलं तर मोडलं, पण आता हा माणूस पुन्हा मुका झाला तर? मुक्ताबाई स्टुलावर चढल्या, खोकं खाली घेतलं आणि मोडका पंख दोन्ही हातांनी पिळून बघितला. कापडावर तिरप्या चुण्या पडल्या. अशा चुण्या त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या काखेत बघितल्या होत्या.

"अवो, इकडं या. ओढ बघा कशी कोपऱ्याकडून कोपऱ्याकडं जाते. अन् तुम्ही धागा सरळ लावलाय! उरेब लावा, दोन्ही अंगांनी."

"उरेब म्हंजी?"

"म्हंजी कापड तिरपं ठेवून कापायचं. मग धागा ओढीच्या वाटंत येतो. तीस वर्षं संसार केलात शिवणारणीसंगं, अन् उरेब माहीत नाय?"

सर्जेरावांनी मोडका पंख हातात घेऊन स्वतः पिळून बघितला. मग म्हणाले, "मोठं कापड हाय का?"

इथंच घोटाळा झाला. उरेब कापायचं म्हणजे कापड लई खातं. चिंध्या पुरेनात. मशीनवर द्वारकाबाईंनी भाचीच्या लग्नासाठी शिवायला दिलेल्या ब्लाउजचं पोपटी अस्तर पडलेलं. नवऱ्याचा चेहरा उजळलेला बघून मुक्ताबाईंनी कात्री चालवली. उद्या क्रांती चौकातून असंच आणू, म्हणाल्या. पण उद्या फेविकॉल वाळवण्यात गेला, परवा पॉलिश पेपर घासण्यात. बाजार राहिलाच.

रविवारी अख्खी गल्ली डोंगराखाली जमली. सर्जेरावांनी ट्यूब छातीपर्यंत ताणली. मुक्ताबाईंनी पदर दातात धरला.

सुटलं! पंख वर वाकले, थरथरले, पण पिळले नाय. सगळ्यांच्या डोक्यांवरून विमान झेपावलं आणि मोठा वळसा घेऊन परत फिरलं. पोरं ओरडली, म्हातारे ओरडले. द्वारकाबाई कपाळावर हात धरून वर बघत होत्या. अचानक त्यांचा हात खाली आला.

"मुक्ते! अगं, ते माझं अस्तर उडतंय की!"

मुक्ताबाई दोन पावलं मागं सरकल्या. पण गल्लीत कधी मान वर न करणारे सर्जेराव स्वतःच पुढं आले.

"वहिनी, चूक आमचीच हाय. अस्तर आज संध्याकाळी तुमच्या दारात आणून देतो. पण तुमच्याच कापडानं पंख धरला बघा! आता इकडं या, तो पुढं का झुकलाय ते सांगतो. वारा कसा असतो..."

आणि लागले सांगायला. हातांचे पंख केले, वाकून दाखवलं, गिरकी घेतली. द्वारकाबाई आधी रागानं ऐकत होत्या, मग नाइलाजानं. शेवटी मुक्ताबाईंकडं वळून हळूच म्हणाल्या, "बाई, अस्तर राहू दे, पण यांना आवर. माझी डाळ चुलीवर हाय."

"ऐका हो जरा," मुक्ताबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "मला तर रोज ऐकावं लागतं."

अन् त्यातलं 'रोज' त्या असं म्हणाल्या, जसं कुणी अंगावरचा नवा दागिना दाखवावा.