काशीराममामाने निवडलेल्या गाड्या

काशीराममामाला सल्ला विचारायचा नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम होता आणि तो मामानेच घालून दिला होता. त्याच्या घरून, बोरीवलीहून, आमच्या वाकोल्याला परतताना बस बरी की रिक्षा, एवढं विचारलं तरी तो म्हणायचा, तुमचं तुम्ही ठरवा. माझी आई नलिनी ही त्याची धाकटी बहीण. ती सांगायची, दादा पूर्वी असा नव्हता. परळच्या एका मिलमध्ये तो टाइमकीपर होता आणि गावाहून आलेली पोरं त्याला विचारल्याशिवाय चप्पलसुद्धा विकत घेत नसत. ब्याऐंशी साली संप झाला, तेव्हा ही पोरं गाठोडी बांधून मालवणला निघाली होती. मामाने त्यांना थांबवलं. गणपतीच्या आत मिल चालू होणार, आता गावाला जाल तर हातची नोकरी घालवून बसाल, असं छातीठोकपणे सांगितलं. गणपती आले आणि गेले, मिल काही चालू झाली नाही. थांबलेल्यांचे फार हाल झाले. मामाला मात्र कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पुढे तो अंधेरीच्या एका ट्रॅव्हल कंपनीत पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरायला लागला. अक्षर सुंदर होतं आणि फॉर्ममध्ये स्वतःचं मत लिहायला जागा नसते, त्यामुळे त्याचं तिथे बरं चाललं होतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझ्या बाबांना, म्हणजे जयवंतरावांना, स्वित्झर्लंडची फुकट तिकिटं मिळाली. बाबा विमान कंपनीत मेकॅनिक होते. बावीस वर्षं दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केल्यावर एकदाचे ते आणि आई स्वतः बसणार होते. चार रात्री झुरिक, चार रात्री जिनिव्हा आणि मध्ये हिंडायला रेल्वेचा पास, एवढं पक्कं झालं. हिंडायचं कुठे, यावर मात्र घरात रोज भांडण. बाबांनी बारा ठिकाणांची यादी केली होती. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. आई मामाकडे गेली आणि सरळ म्हणाली, "दादा, ह्यांच्या मागे धावून धावून मला मरायचं नाही. कुठली गाडी धरायची ते तू ठरव."

मालनमामीने डोळ्यांनी आईला खुणावलं, की सोड. आईने सोडलं नाही. तिचे गुडघे दुखत होते आणि हट्ट मात्र तरुण होता.

पुढच्या रविवारी मामा तिकडच्या गाड्यांचं जाडजूड वेळापत्रक ऑफिसातून घेऊन आमच्या घरी हजर. तीन तास तो त्यात नाक खुपसून बसला. त्याचे नियम साधे होते. सकाळी चहा पिऊन निघायचं, उजेड आहे तोवर त्याच खोलीत परत यायचं, वाटेत एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलायची नाही आणि एका दिवसाआड पायांना सुट्टी. बर्फाचा डोंगर त्याने कापला, कारण वर चढायची गाडी पासात बसत नव्हती. बाबांचं लाडकं शामोनी कापलं, कारण ते फ्रान्समध्ये येतं आणि तिथला व्हिसा वेगळा लागतो. बाबा कुरकुरले, पण मनातून खूश होते. आपल्यासाठी कोणीतरी इतका विचार करतंय, हे त्यांना कुठे रोज मिळत होतं? आईने एकच मागणी केली होती, की मला खूप पाणी बघायचंय. म्हणून गुरुवारच्या दिवशी मामाने तिला र्‍हाईन नदीचा धबधबा दिला. झुरिकहून शाफहाउझनची गाडी, पाऊण तासाचा प्रवास. निघताना त्याने आईला सांगितलं, "ही गाडी चुकवू नको गो." पाच वर्षांत त्याने कोणाला काही कर असं पहिल्यांदाच सांगितलं होतं.

ते दोघे गेले आणि मी कॉलेजला सुट्टी म्हणून बोरीवलीला मामाकडे राहिले. बुधवारी दुपारी मामा भलत्याच वेळी घरी आला. चेहरा पांढराफटक. खुर्चीत बसून म्हणाला, "शुभा, वाट लागली गो."

झालं होतं असं. ऑफिसात त्या दिवशी जर्मनीचा मोठा नकाशा आला होता. तो भिंतीवर लावताना मामाने सहज झुरिक शोधलं आणि रुळांवरून बोट फिरवत धबधब्याकडे निघाला. मध्येच त्याच्या बोटाने सरहद्द ओलांडली. गाडी थोडा वेळ जर्मनीत शिरत होती आणि पुन्हा बाहेर पडत होती. आई-बाबांकडे जर्मनीचा व्हिसा नव्हता. वेळापत्रकात गाडी स्वित्झर्लंडमध्ये सुटते आणि स्वित्झर्लंडमध्येच पोचते, एवढं मामाने पाहिलं होतं. बोरीवलीहून वर जाणारा माणूस महाराष्ट्राच्या टोकाचं घोलवड कधी संपलं आणि गुजरात कधी लागला याचा विचार करत नाही. गाडीत बसल्यावर राज्य बदललं म्हणून आपल्याला कोण उतरवतं? परदेशातल्या गाडीचंही मामाने तसंच धरलं. अंधेरीच्या तारघरातून त्याने लगेच हॉटेलवर तार ठोकली होती, की धबधब्याला जाऊ नका, गाडी जर्मनीतून जाते. पण ती सकाळच्या आत पोचेल याची खात्री कोण देणार?

माझ्या डोळ्यांपुढे परक्या पोलिसांच्या मध्ये उभी असलेली आई आली. बाबा तर कंपनीच्या तिकिटावर गेलेले. पकडले गेले तर नोकरीवर गदा. मी घाबरले की आधी चिडते, आणि चिडले की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. मी म्हणाले, "तुमचं ऐकणाऱ्यांचं दर वेळी असंच होतं."

मामी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. मामा उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. शब्द तोंडातून गेला होता, तो परत घेता आला असता तर मी काहीही दिलं असतं.

गुरुवार कसा गेला ते सांगत नाही. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास खालच्या राधाकाकू जिन्यातून हाका मारत आल्या, की फोन आलाय, लांबचा आहे, धावा. मामा माझ्या आधी खाली पोचला, पण फोन हातात घ्यायची त्याची हिंमत होईना. मी घेतला. आईचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "दादाला सांग, काल धबधबा बघून आलो. दोघंही ठीक आहोत." आणि फोन कटला. मामा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि तोंडावर रुमाल धरून लहान मुलासारखा रडला. मीही रडले. आणि नंतर आम्ही दोघं, राधाकाकूंसकट, उगाचच हसत सुटलो.

खरी हकीकत आई-बाबा परत आल्यावर कळली. तार गुरुवारी सकाळी, ते नाश्ता करत असतानाच पोचली होती. बाबा म्हणाले, बेत रद्द. आईने ती तार उचलली आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसापुढे ठेवली. तो वाचून हसला. त्याने सांगितलं, ही गाडी रोजच तिथून जाते, मध्ये कुठे थांबत नाही आणि कोणी कागद विचारत नाही. मग आई उठलीच. बाबांनी मात्र जर्मनी संपेपर्यंत तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. चारचौघांत तिचा हात धरायची त्यांची ती पहिलीच वेळ, हे सांगताना आई लाजली आणि बाबा बाहेर सिगारेट आणायला निघून गेले.

"दादा," आई म्हणाली, "दोन शहरांचं तिकीट होतं, तू आणखी एक देश फुकट दाखवलास. आणि पाणी म्हणजे काय पाणी रे. समोर उभी राहिले आणि गुडघे दुखतात हेच विसरले."

मामा ऐकत होता. मी चहा घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, की मामा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. त्याने माझ्या हातातला कप घेतला.

"तू बोललंस ता काय खोटा नाय, बाय," तो म्हणाला. "पण यावेळेक माझ्या सांगण्यावरना गेलेली माणसा सुखरूप घराक इली."