फुटलेला कान आणि धाकट्याची लस

नातवंडांनो, छोटीचा कान पुन्हा दुखतोय आणि तुमच्या तिथले डॉक्टर औषध न देता आधी थांबून बघू म्हणताहेत, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. मला हेवा वाटला. इथे भिंगारला कोणी थांबत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई पाथर्डीकडची. तिच्या चार वर्षांच्या मुलीचा कान दर थंडीत फुटतो. या वेळी मी दोघींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना पू तपासायला पाठवायचा होता. पण दवाखान्यात जायचं म्हणून आईने लेकीला न्हाऊ घातलं होतं, कान कापसाने कोरडा करून वर पावडर लावली होती. मेडिकलमधून आणलेलं औषधही आधीच पाजून झालं होतं.

"आता यात काय सापडणार?" डॉक्टर म्हणाले.

"घान कान घिऊन यायचं व्हय डॉक्टरकडं?" रिक्षात ती माझ्यावरच उखडली. "आन हिला समद्या सुया दिल्या, तरी कान फुटतोच. आता धाकट्याला न्हाई देनार. लई तापतंय त्ये."

धाकटा नऊ महिन्यांचा. न्यूमोनियाच्या लसीचा त्याचा शेवटचा डोस राहिला होता.

बोलायचं त्राण नव्हतं, तरी सांगितलं. ज्या जंतूवर ही लस आहे, त्याच्या पुष्कळ जाती आहेत. छातीत आणि मेंदूत शिरून जीव घेणाऱ्या जाती बघून लस केली. कान फोडणाऱ्या काही त्यात येतात, काही नाही. शिवाय कानात दुसरेही जंतू होतात, त्यांना ही लस लागू नाही. हिच्या कानात कोणता होता, ते आता कळायचं नाही.

"म्हंजी कानाची ग्यारंटी न्हाई."

"नाही."

"मंग कशापायी द्यायची?"

"छातीसाठी. पोर जगावं म्हणून."

पुढचे काही दिवस पोळ्या जाड येत राहिल्या. मीही पुन्हा विषय काढला नाही. समजावून समजावून माणूस शिणतो.

लसीच्या दिवशी सकाळी ती पोराला कडेवर घेऊन दारात उभी. "चला आजी. पन ह्याचा कान फुटला तर तुमच्याच मांडीवर आनून टाकीन."

"टाक."

दुपारी त्याला कणकण आली. ती आत पोळ्या लाटत होती. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण तो नुकताच मांडीवर झोपला होता.